रोज मरे त्याला

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात फिनिक्स नावाचं शहर आहे. तिथं एक गृहस्थ राहतात. जन्म १९४८ चा. म्हणजे आपल्याकडे असते तर केव्हाच पेन्शनीत निघून सकाळच्या वेळी बागेतल्या बाकावर बसले असते आणि आपल्या काळी शेंगदाणे किती स्वस्त होते हे शेजारच्याला सांगत असते. हे गृहस्थ त्याऐवजी गोल्फ खेळतात. आठवड्यातले सहा दिवस. बायबलचा अभ्यास नियमित. लग्न १९७६ साली झालेलं, तेच अजून टिकून आहे. दारूला १९८३ पासून स्पर्श नाही. एकूण कुणाही वधूपित्यानं पत्रिका न बघता होकार कळवावा असं स्थळ.

फक्त दौऱ्यावर असले की रोज रात्री यांचं डोकं उडवतात.

उडवतात म्हणजे अगदी रीतसर उडवतात. उंच लाकडी चौकट, वर लखलखणारं पातं, खाली फळीवर आडवे केलेले हे. पातं सणसणत खाली येतं आणि डोकं टोपलीत. मग फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत पुढं येते, ते मुंडकं उचलते, हजारो प्रेक्षकांसमोर मिरवते आणि वर त्याचे मुकेही घेते. खुद्द राणीबाईंचं डोकं १७९३ साली याच यंत्रानं उडवलेलं असल्यामुळे त्यांना या विषयातलं कळत असणारच. ही राणी म्हणजे दुसरी तिसरी कुणी नसून गृहस्थांची धर्मपत्नी शेरील. हा मजकूर मी आमच्या घरी मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हा आमची ही पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली, "रोज?" त्या एका शब्दात हेव्याची किंचित छटा होती, असं मला उगाचच वाटलं.

गृहस्थांचं नाव ॲलिस कूपर. होय, ॲलिस. नावाची गोष्ट पुढं येईलच. पण ज्याची मान रोज गिलोटिनखाली जाते त्याला किती वेळ अहोजाहो करणार? तेव्हा इथून पुढं मी त्याला 'तो'च म्हणतो.

तो ज्या प्रकारचं गाणं करतो त्याला तिकडे 'शॉक रॉक' म्हणतात. गाणं ऐकायला आलेल्या माणसाला आधी घाबरवायचं, मग हसवायचं आणि या धांदलीत गाणंही ऐकवून टाकायचं, असा तो मामला. ही कल्पना त्यानं शोधली नाही. पॅरिसात १८९७ साली ग्राँ गिन्योल नावाचं नाटकघर निघालं होतं. तिथं रोज संध्याकाळी रक्ताची, खुनांची आणि वेड्यांची नाटकं होत. प्रेक्षक किती मूर्च्छित पडले यावरून म्हणे प्रयोग रंगला की नाही ते ठरायचं. गंमत म्हणजे ती जागा पूर्वीची प्रार्थनामंदिराची. १९६२ साली ते बंद पडलं. अमेरिकेत स्क्रीमिंग जे हॉकिन्स हा गायक १९५० च्या दशकात चक्क शवपेटीतून उठून गायला सुरुवात करी. तेव्हा वंशावळ होतीच. कूपरनं काय केलं, तर हे सगळं गोळा करून त्याला विजेच्या गिटारी जोडल्या आणि धंदा पन्नास वर्षांवर टिकवला. धक्का देणं सोपं असतं हो. तोच धक्का त्याच माणसानं पन्नास वर्षं देत राहणं आणि लोकांनी तो तिकीट काढून घेत राहणं, ही गोष्ट निराळी.

त्याचं खरं नाव व्हिन्सेंट फर्निअर. जन्म डेट्रॉइटचा. वडील धर्मोपदेशक, आजोबाही त्याच पंथातले वरच्या पदावरचे. आपल्याकडे कीर्तनकाराच्या घरातला मुलगा तमाशात जावा, तसा हा प्रकार. पुढं बायको केली तीही पाद्र्याचीच मुलगी. म्हणजे दोन कीर्तनकार व्याही झाले आणि मुलगा-सून मिळून मुंडक्यांचा खेळ करायला लागली.

लहानपणी व्हिन्सेंटला दमा होता, म्हणून मंडळी कोरड्या हवेसाठी फिनिक्सला येऊन राहिली. तिथल्या कॉर्टेझ हायस्कुलात १९६४ साली या साऱ्याला सुरुवात झाली, आणि तीही थट्टेनं. शाळेत गुणदर्शनाचा कार्यक्रम होता. लांब पल्ल्याचं पळणाऱ्या संघातल्या काही पोरांनी डोक्यावर केसांचे टोप चढवून बीटल्सची नक्कल करायचं ठरवलं. वाजवता येत होतं ते ग्लेन बक्स्टन नावाच्या एकट्याला. तो शाळेच्या वार्तापत्रासाठी फोटो काढायचा. बाकीच्यांनी हातात वाद्यं धरली एवढंच. नाव घेतलं 'इअरविग्स', म्हणजे कानात शिरतो अशी ख्याती असलेला किडा. पोरी किंचाळल्या. पोरी किंचाळतात एवढं कळल्यावर मग त्यांनी वाजवायला शिकायचं ठरवलं. कलेच्या प्रांतात हा क्रम फार जणांनी पाळलेला आहे. पण हे लोक खरंच शिकले, हा फरक.

होता होता पाच जण जमले. व्हिन्सेंट गायला, ग्लेन बक्स्टन आणि मायकेल ब्रूस गिटारीवर, डेनिस डनवे बेसवर आणि नील स्मिथ ड्रमवर. १९६८ साली त्यांनी वाद्यवृंदाचं नवं नाव ठरवलं, ॲलिस कूपर. हे नाव प्लँचेटवर एका तीनशे वर्षांपूर्वीच्या चेटकिणीनं येऊन सांगितलं, अशी आवई वर्षानुवर्षं उठवलेली होती. तसलं काही झालं नव्हतं. कुणा सोज्वळ, प्रेमळ, नातवंडांना बिस्किटं वाटणाऱ्या आजीबाईचं वाटावं असं नाव त्यांना हवं होतं. आपल्याकडे पाच धटिंगणांनी जटा वाढवून, डोळ्याला काजळ फासून बाहेर फलक लावावा 'कमलाबाई सहस्रबुद्धे', आणि आत शिरलेल्या प्रेक्षकाचं जे व्हावं, ते तिकडे व्हायला लागलं.

एक मात्र ध्यानात ठेवा. हे नाव पाचांचं होतं. पुढची सगळी रामकहाणी या एका गोष्टीभोवती फिरते.

सुरुवातीला यांचं गाणं इतकं काही विलक्षण होतं की लॉस एंजलिसमधल्या एका समारंभात त्यांनी भरलेलं सभागृह बघता बघता रिकामं केलं. इतर कुणी असता तर गावी परत जाऊन किराणा दुकान काढतो. पण तिथं शेप गॉर्डन नावाचा तरुण उभा होता. त्यानं विचार केला, की जी मंडळी इतक्या लोकांना एकमतानं नकोशी होऊ शकतात, त्यांच्यात नक्की काहीतरी आहे. तो त्यांचा मॅनेजर झाला. कूपर आणि गॉर्डन यांच्यात आजवर कागदावर करार झालेला नाही. सगळं शब्दावर. आमच्या सोसायटीत पाण्याच्या मोटारीसाठी तीन ठराव होतात, हे या ठिकाणी नमूद करून मी पुढं जातो.

फ्रँक झॅपा या विक्षिप्त म्हणून नावाजलेल्या संगीतकारानं त्यांना ऐकायला बोलावलं, "सात वाजता या." ही मंडळी सकाळी सातला पूर्ण वेशात, वाद्यं जुळवून, त्याच्या दारात वाजवायला उभी. झॅपाला अर्थातच संध्याकाळचे सात अभिप्रेत होते. तो झोपेतून उठून आला आणि त्यानं तिथल्या तिथं त्यांना करारबद्ध केलं. सातची मैफल साडेआठला सुरू होण्याची सवय असलेल्या आपल्याला यातला थरार तितकासा कळायचा नाही.

मग आली ती कोंबडी. १३ सप्टेंबर १९६९. कॅनडात टोरांटोच्या व्हार्सिटी स्टेडियमवर मोठा संगीतमेळा होता. जॉन लेननसुद्धा त्याच दिवशी गाणार होता. ॲलिस कूपर मंडळींचा कार्यक्रम चालू असताना रंगमंचावर एक जिवंत कोंबडी अवतरली. डेट्रॉइट आणि फिनिक्स अशा शहरांतच वाढलेल्या व्हिन्सेंटनं विचार केला, पंख आहेत त्या अर्थी उडेल. त्यानं तिला प्रेक्षकांकडे उडवली. ती उडाली नाही, पडली. आणि प्रेक्षकांनी तिचे तुकडे केले. पुढच्या रांगांत चाकांच्या खुर्च्यांवर बसवलेले अपंग लोक होते आणि ते त्यांनीच केलं, असं कूपर सांगतो. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत आलं, की ॲलिस कूपरनं कोंबडीचं मुंडकं दातांनी तोडून रक्त प्राशन केलं. झॅपाचा फोन आला, खरं का हे? नाही म्हटल्यावर झॅपानं सल्ला दिला, की मग तसं कुणाला सांगू नकोस.

मला विचाराल तर ॲलिस कूपरचा खरा जन्म त्या फोनवर झाला. केलेल्या गोष्टीचं श्रेय घेणारे पुष्कळ असतात. न केलेल्या गोष्टीचा बभ्रा मुकाट्यानं अंगावर घेऊन त्यावर पुढचं घर बांधायचं, ही अक्कल त्या पोरांना तेव्हा आली.

१९७१ पासून मरणं सुरू झालं. आधी विजेची खुर्ची. मग फाशीचा तख्ता. १९७३ च्या दौऱ्यात गिलोटिन. ते गिलोटिन जेम्स रँडी या जादूगारानं तयार केलं. हाच रँडी पुढं बुवाबाजी आणि चमत्कार उघडे पाडण्यासाठी जगप्रसिद्ध झाला. त्या दौऱ्यात तो स्वतःच जल्लादाचं काम करी आणि मधल्या वेळात एका गाण्यात दंतवैद्याचंही. पातं खरंच जड, आणि ते मानेपासून वीतभर अलीकडे अडवायची सोय केलेली. त्या दौऱ्यात बॉब ग्रीन नावाचा एक वार्ताहरही पुस्तक लिहायला म्हणून बरोबर फिरत होता. त्यालाही मोकळा ठेवला नाही. सांताक्लॉजचा वेश चढवून रोज स्टेजवर आणायचे आणि सगळ्यांनी मिळून बडवायचे. पुस्तक त्यानं लिहिलं, १९७४ साली आलंही. मार खाऊन लिहिलेली समीक्षा वाङ्मयात दुर्मीळ आहे. लिहून मार खाणारे सापडतात.

इंग्लंडनं तर हातभारच लावला. १९७२ साली लंडनच्या कार्यक्रमाची तिकिटं खपेनात, तेव्हा गॉर्डननं कूपरचा एक भव्य फोटो ट्रकवर चढवला. फोटोत कूपरच्या अंगावर साप होता आणि सापाखेरीज काही नव्हतं. हा ट्रक नेमका पिकॅडिली सर्कसच्या ऐन गर्दीत 'बंद पडला'. तिकिटं संपली. त्याच वर्षी त्यांचं शाळा सुटल्याचं गाणं, 'स्कूल्स आउट', निघालं. मेरी व्हाइटहाउस या बाईंनी, ज्या देशाच्या नीतिमत्तेची चौकी पहाऱ्यासारखी सांभाळीत, ते बी.बी.सी.वर दाखवू नये म्हणून मोहीम उघडली. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढल्या वर्षी लिओ ॲब्सी या खासदारानं या मंडळींना देशात येऊच देऊ नका, असा धोशा गृहमंत्र्यांकडे लावला. कूपरनं बाईंना फुलं पाठवली आणि खासदारसाहेबांना सिगार. आमच्या खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी घालताना इंग्रजाला जी गोष्ट उमगली नव्हती, ती त्याला त्याच्याच घरात बासष्ट वर्षांनीही उमगलेली नव्हती.

त्या तबकडीचं वेष्टनही बघण्यासारखं. शाळेतल्या बाकासारखं उघडणारं, वर चाकूनं नावं कोरलेलं. आणि आत तबकडीला चढवलेली कागदी चड्डी. अमेरिकन कस्टम्सनं या चड्ड्या अडवल्या. अश्लील म्हणून नव्हे, तर सहज पेट घेतील म्हणून! सरकारी खात्याला अशा वेळी जे सुचतं ते विनोदी लेखकाला जन्मात सुचणार नाही.

१९७३ साली 'बिलियन डॉलर बेबीज' अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर. पैसा, विमान, गर्दी, सगळं आलं. आणि इथं गंमत संपते.

पाच जण होते ना, त्यांतला शाळेत सगळ्यांत आधी वाजवायला लागलेला ग्लेन बक्स्टन दारूनं इतका खालावला की १९७३ च्या तबकडीवर आणि दौऱ्यात त्याच्या जागी भरीला दुसरे गिटारवाले घ्यावे लागले. 'स्कूल्स आउट' सुरू होताना जी गिटारची तुकडी वाजते, शाळेत वेडावून दाखवताना पोरं काढतात तशी खोडकर, ती ग्लेनची. व्हिन्सेंटही काही तांब्याभांड्यानं पीत नव्हता असं नाही, पण त्याला उभं राहता येत होतं. १९७४ मध्ये मंडळी थकली, थोडे दिवस विसावा म्हणून थांबली, आणि ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. १९७५ साली 'वेलकम टू माय नाइटमेअर' निघाली ती एकट्या व्हिन्सेंटची. नाव मात्र ॲलिस कूपर. ते त्यानं कायदेशीररीत्या स्वतःचंच करून घेतलं होतं. बाकीच्यांतल्या तिघांनी १९७७ साली 'बॅटल ॲक्स' नावाची तबकडी काढली, ती चालली नाही. नील स्मिथ पुढं कनेटिकटमध्ये घरांच्या खरेदी-विक्रीच्या धंद्यात पडला. ग्लेन आयोवातल्या एका लहानशा गावी जाऊन राहिला.

भावाभावांत वाटणी होते तेव्हा घर, शेत, भांडी वाटता येतात. आडनाव कसं वाटणार? इथं तर आडनावासकट अख्खी कमलाबाई एकट्याच्या वाट्याला गेली.

पण तिला घरी नेल्यावर ती त्याच्या उरावरच बसली. स्टेजवरची ॲलिस घरात, गाडीत, हॉटेलात, चोवीस तास. लोकांना वाटायचं हा झोपतोही सापाबरोबर. तेव्हा हा तसं वागायचा, आणि ते निभावायला पुन्हा प्यायचा. १९७७ साली न्यूयॉर्ककडच्या एका मनोरुग्णालयात दाखल झाला. तिथं भेटलेल्या माणसांवर १९७८ साली एक तबकडीही काढली. बाहेर आला, पुन्हा घसरला. १९८० नंतरच्या दोन-तीन तबकड्या तर आपण मुद्रित केल्याचंच त्याला आठवत नाही. विसरण्याच्या बाबतीत त्याचा हात धरणारा नाही. अँडी वॉरहॉल या जगप्रसिद्ध चित्रकाराचं विजेच्या खुर्चीचं चित्र त्याला १९७० च्या दशकात मैत्रिणीनं भेट दिलं होतं. ते गुंडाळी होऊन सामानाच्या कोठीत चाळीसेक वर्षं पडून राहिलं आणि मग सापडलं. आमच्या माळ्यावर आजवर फक्त पितळी स्टोव्ह सापडला आहे.

१९८३ साली यकृतानं राजीनामा द्यायची तयारी केली. शेरीलनं घटस्फोटाचा अर्ज केला. आणि तिथं हा माणूस थांबला. कुठल्या मठात गेला नाही, डोंगरावर गेला नाही. गोल्फ खेळायला लागला. एका व्यसनाच्या जागी दुसरं, असं तो स्वतःच सांगतो. शेरीलनं अर्ज मागं घेतला. पुढं त्यानं स्वतःच्या गोल्फवेडावर पुस्तकही लिहिलं, २००७ साली. माझ्या मते गोल्फ हा अत्यंत कंटाळवाणा खेळ आहे, आणि माणसाचा जीव वाचवायला पुष्कळदा तेवढंच लागतं.

१९८६ साली तो पुन्हा स्टेजवर आला. जाणकार सांगतात आणि तो स्वतःही सांगतो, की आधीची ॲलिस खांदे पाडून, अंग चोरून उभी असे, जगाचा मार खाणारी. परतल्यावरची ॲलिस ताठ. छडी हातात, मान वर, गर्विष्ठ खलनायक. कारण आता आतला माणूस निराळा होता आणि त्याला ठाऊक होतं की पडदा पडल्यावर हा अंगरखा खुंटीवर टांगायचा आहे. तेव्हापासून तो ॲलिसबद्दल 'तो' असं बोलतो, शेजारच्या खोलीतल्या भाडेकरूबद्दल बोलावं तसं. पौराणिक नाटकांत पंचवीस वर्षं राक्षस रंगवून घरी येताना कोथिंबिरीची जुडी आणणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. याला शिकायला यकृत द्यावं लागलं.

तरी खेळ जिवावरचाच. १९८८ साली लंडनला फाशीच्या दृश्यात त्याला तोलून धरणारी तार तुटली. मान झटकन मागं टाकली म्हणून वाचला. त्या घटकेला 'रोज मरे त्याला कोण रडे' ही म्हण किती जवळ आली होती! हजारभर माणसं समोर असती तरी टाळ्याच पडल्या असत्या.

१९ ऑक्टोबर १९९७ ला ग्लेन बक्स्टन आयोवात न्यूमोनियानं गेला. वय पन्नासच्या आत. तो एकदाच मेला.

मला वाटतं, तिथून पुढं बाकीचे चौघे हळूहळू एकमेकांकडे सरकायला लागले. २०११ साली न्यूयॉर्कला रॉक संगीताच्या मानकऱ्यांत ॲलिस कूपरची नोंद झाली, ती एकट्याची नव्हे, पाचांची, ग्लेनसकट. २०१५ साली डनवेनं आठवणींचं पुस्तक काढलं. डॅलसमधल्या एका तबकड्यांच्या दुकानात पुस्तकावर सह्या द्यायचा कार्यक्रम होता, तिथं बाकीचे येऊन धडकले आणि दुकानातच वाजवायला लागले. २०१७ साली इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यात कार्यक्रमाच्या शेवटाकडे ही म्हातारी मंडळी येऊन काही गाणी वाजवून जात. मधल्या तबकड्यांतही एखाददुसऱ्या गाण्यात ती पाहुण्यासारखी डोकावत होती. घरच्याच माणसांना पाहुणे म्हणून पाट मांडायचा हा प्रकार.

आणि मग २५ जुलै २०२५ ला अख्खी तबकडी आली, 'द रिव्हेंज ऑफ ॲलिस कूपर'. १९७३ नंतर, म्हणजे बावन्नाव्या वर्षी, पहिल्यांदा जुन्या मंडळींची संपूर्ण तबकडी. त्यांची ती सुप्रसिद्ध गाणी करवून घेणारा बॉब एझ्रिन हाच इथंही निर्माता. नातवानं ती मला फोनवर लावून दिली आणि आपण कानाला काहीतरी लावून बसला. सुरुवातीचंच गाणं सापावर, 'ब्लॅक माम्बा'. त्यात डोअर्सचा रॉबी क्रीगर गिटार वाजवून गेला आहे. सगळीच गाणी काही थोर नाहीत. दोन-तीन तर अशी आहेत, की पाच मित्र जुन्या कट्ट्यावर जमले की पहिला तासभर जे बोलतात तेवढीच त्यांची किंमत. पण कट्टा आहे, हे ऐकू येतं. एक जण वाजवताना दुसरा जागा सोडतो ती कुठं, हे भाड्यानं आणलेल्या वादकाला शिकवता येत नाही. भाड्याचा वादक जास्त सफाईनं वाजवतो, आणि नेमकं तेच बिघडतं.

दौऱ्यावर मात्र वाद्यवृंद नेहमीचा, तरुण. त्यात नीता स्ट्रॉस नावाची फार तयारीची गिटारवादक आहे. नाव वाचून मी क्षणभर तिचं माहेर कुठलं याचा विचार करायला लागलो, पण ती लॉस एंजलिसची, आणि नातं सांगते ते व्हिएन्नाच्या वॉल्ट्झवाल्या योहान स्ट्राउसशी. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या ज्यूडास प्रीस्ट या तितक्याच पिकल्या मंडळींबरोबर ॲलिस कूपर अमेरिकाभर फिरला. कार्यक्रमात तेच ते. वेड्यांना घालतात तो बांधायचा अंगरखा, गिलोटिन, राणीबाई. डोकं उडाल्यावर गृहस्थ पुन्हा उठून येतात आणि शेवटी 'स्कूल्स आउट' होतं. ते सुरू होताना ग्लेनची ती खोडकर तुकडी वाजते. वाजवणारे हात दुसऱ्याचे.

तबकडीत मात्र ती सोय वेगळी केली आहे. 'व्हॉट हॅपन्ड टू यू' नावाच्या गाण्यात ग्लेननं पूर्वी कधीतरी वाजवून ठेवलेली गिटार जुन्या फितीवरून घेतली आहे, आणि तिच्याभोवती चौघांनी गाणं बांधलं आहे. तो जसा वाजवून गेला तसंच त्यांना वाजवावं लागलं. तो काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. आणखी एक गाणं त्याच्या आठवणीचंच आहे.

हे गाणं मी तीन-चारदा लावलं. यातली गिटार ग्लेनची कुठली आणि मायकेलची कुठली हे ओळखायचा माझा प्रयत्न चालला होता. तेवढ्यात ही बाहेर आली.

"कोण वाजवतंय हो हे?"

"ग्लेन."

"तो तर वारला म्हणालात."

"हो. सत्त्याण्णव साली."

"आणि ते रोज डोकं उडवतात ते?"

"ते ठणठणीत आहेत."

"नि त्यांची बायको?"

"तीही."

"कुणाचं काय, हेच कळेनासं झालंय तुमच्यापायी," ती म्हणाली आणि गॅसवर दूध होतं म्हणून आत गेली. जाताना म्हणाली, "बंद नका करू. ऐकू येतंय मला तिथं."